पोरींचं माप

रागीट बाई म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी कमावलेली आहे. माझ्या नातवंडांना वाटतं आजी म्हातारपणी चिडकी झाली. तसं काही नाही. मी तेवीस वर्षांची असतानाच चिडले होते, सुरतेत लिंबायतच्या एका पत्र्याच्या खोलीत, आणि ती चीड मी अजून विझू दिलेली नाही. कशाला विझू द्यायची? त्या चिडीवर माझ्या दोन पोरी वाढल्या.

दुष्काळाचं साल होतं. गावाकडे, म्हणजे खानदेशात, विहिरींनी तळ दाखवला होता. इकडे सुरतेत लूमच्या कारखान्यांना, ज्यांना तिथे सगळे खातं म्हणतात, सूत मिळेना. कधी सूत असलं तर वीज नसायची. माझा नवरा ज्या खात्यात होता तिथल्या शेठने एके दिवशी दाराला कुलूप लावलं आणि कारीगरांना सांगितलं, सूत आलं की बोलावतो. सूत येईना. शेवटी नवरा कामरेजकडे रस्त्याच्या कामावर गेला. तिथेच झोपायचा, तिथेच खायचा, पंधरा-पंधरा दिवस येत नसे, मजुरीही अडकून पडायची. मी दोन पोरींना घेऊन खोलीत राहिले. थोरली चार वर्षांची, धाकटी दहा महिन्यांची.

धाकटी अंगावर पीत होती. पण आईच्या पोटात काही गेलं तर अंगावर दूध येणार ना? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी ती ओढून ओढून रडायची, हातपाय झाडायची, शेजारचे वैतागायचे. मग तिचं रडणं बारीक होत गेलं. शेजारीण म्हणाली, बरं झालं, पोरगी शांत झाली. मला ठाऊक होतं ती शांत झालेली नाही. रडायलाही अंगात काहीतरी लागतं. तिला दिवसातून दोनदा ज्वारीची पातळ पेज मिळाली असती तरी ती तगली असती. मला हवं होतं ते एवढंच, रोज दोन मुठी पीठ.

रेशनचा मार्ग नव्हता. कार्ड गावाकडे आणि पोट सुरतेत. दुकानदार म्हणायचा, कार्ड आणा. गावाकडून सासरे निरोप पाठवायचे, कार्ड दिलं तर आम्ही काय खायचं? दोघांचंही खरं होतं, म्हणून कोणावर ओरडायचीही सोय नव्हती.

मग आमच्या भावकीने कोठी उघडली.

सुरतेत आमच्या गावची, एकाच भावकीची, बारा-चौदा घरं होती, सगळी दोन गल्ल्यांत. गल्लीच्या टोकाला एक खोली भावकीने मिळून भाड्याने घेतली होती, कारण श्रावणात कानबाई बसवायला जागा लागायची. कानबाई आमची खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती येते आणि सोमवारी जाते, पण तिची तयारी महिनाभर चालते. त्या खोलीत पत्र्याची एक मोठी कोठी होती, माझ्या कमरेएवढी उंच, वर झाकण. कानबाईचं धान्य त्यात राहायचं. त्या वर्षी भावकीतल्या थोरांनी ठरवलं की ज्यांचं खातं चालू आहे त्यांनी दर आठवड्याला कोठीत काहीतरी टाकायचं आणि ज्यांचं बंद आहे त्यांनी रविवारी सकाळी येऊन न्यायचं. विचारपूस नाही, परतफेड नाही. ही कल्पना आबांची.

आबा म्हणजे माझे चुलत सासरे, भावकीतले सगळ्यात वडील. पूर्वी खात्यात मुकादम होते. मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता आणि त्यांच्याशी सरळ तोंड वर करून कधी बोलले नव्हते. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. कोठी नसती तर त्या वर्षी आमच्या गल्लीतली किती लेकरं राहिली असती, मला सांगवत नाही. पण कोठी काढली ती पुरुषांनी, आणि पुरुषांना मोजायची एकच रीत येत होती. ती रोटाची.

ही रीत सांगायला हवी. कानबाईचा नैवेद्य म्हणजे रोट, त्यासाठी गहू आणि चण्याची डाळ घरोघरी मोजून घेतात. मोजायचं कसं? घरात जितके पुरुष तितक्या सव्वा मुठी. तान्हा मुलगा असला तरी त्याची सव्वा मूठ. बायका मोजायच्या नाहीत, पोरी मोजायच्या नाहीत, त्या परक्याच्या घरी जाणार. रोट भाजायचे बायकांनी, दळायचं बायकांनी, उपास बायकांनी, आणि मोजायचे पुरुष. लहानपणापासून हेच बघितलेलं, त्यामुळे मलाही त्यात काही खटकलं नव्हतं. खोटं कशाला बोलू.

तर आबांनी कोठीवर तीच रीत लावली. वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा माप म्हणून ठरला. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा डबा ज्वारी, आठवड्याची. एका पुरुषात त्याची बायको-पोरी आल्याच, असा हिशोब. कोणाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. हात त्या रीतीने चालायला शिकलेले होते, इतकंच.

पहिल्या रविवारी मी सूप घेऊन गेले. माझ्यापुढे जिजी होती. जिजी नात्याने माझी थोरली जाऊ, समोरच्या खोलीतली. तिला पाच मुलगे. धाकटा अजून रांगत होता, पण मुलगाच तो! नवरा धरून सहा मापं तिच्या गोणीत पडली. जिजी गोणीचं तोंड आवळत ऐटीत बाजूला झाली. मग माझी पाळी आली.

"तुना घरमा माणूस कोन शे?" आबांनी विचारलं.

मी पदराआडून म्हटलं, ते कामरेजला गेलेत.

"मंग तो तठे खास. आठे माप कसानं?" तो तिथे खातो, मग इथे माप कशाचं.

मी म्हटलं, दोन पोरी आहेत.

आबा रागावले नाहीत. उलट समजावणीच्या सुरात म्हणाले, "पोरीसनं माप ऱ्हास का कधी, बाई?"

मागे रांग होती. मी रिकामं सूप घेऊन घरी आले. वाटेत थोरलीने विचारलं की सूप कशाला नेलं होतं. मी तिला धपाटा घातला. त्या धपाट्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुपारी जिजी पदराखाली झाकून दोन ओंजळी ज्वारी घेऊन आली. कोणाला सांगू नको म्हणाली. आठवडाभर ती ज्वारी मी चिमटीने वापरली. पेज धाकटीला, पेजेतला चोथा थोरलीला, आणि मला भांडं धुतलेलं पाणी. शनिवारी जिजी पुन्हा आली, आणि या वेळी तिच्याकडे तोड होती.

"मना चौथा तुनासंगे उभा कर," ती म्हणाली. "माले पाच शेत. एक तुले दिधा."

तिला फार मजा वाटत होती. आणि मी, मूर्ख, तयार झाले. माझी चूक ती हीच, आणि ती मी कोणावर ढकलणार नाही. रविवारी तिचा चौथा, सहा वर्षांचा, नाकातून शेंबूड गळणारा, माझ्या पुढे उभा राहिला. आबांना काय, तो कोणाचा मुलगा आहे हे माहीत नव्हतं? त्याच्या बारशाला तेच तर होते. पण त्यांनी गालातल्या गालात हसून सव्वा डबा माझ्या सुपात ओतला. रीतही राहिली आणि माणुसकीही राहिली, असं त्यांना वाटलं असणार. माझ्या पुढ्यात पुरुष उभा होता ना! उसना का होईना.

घरी येऊन मी लगेच थोडी ज्वारी घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीवर, दळून आणली आणि भाकरी टाकली. किती दिवसांनी घरात भाजल्या पिठाचा वास आला होता. थोरलीसमोर चतकोर ठेवला. ती हात लावेना. भाकरीकडे बघत बसली, मग माझ्याकडे बघितलं.

"माय, हाई भाकर दादानी शे ना?" ती म्हणाली. "मी खाऊ का?"

दादा म्हणजे जिजीचा चौथा. पोरीने रांगेत उभं राहून सगळं बघितलं होतं. दादा उभा राहिला म्हणून ज्वारी आली, मग भाकरी दादाची. चार वर्षांचं डोकं, पण हिशोब चुकला नव्हता. आपल्या घरात, आपल्या चुलीवरची, आपल्या आईने थापलेली भाकरी खायला माझी पोरगी शेजारच्या शेंबड्या पोराची परवानगी मागत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला म्हटलं, खा, तुझीच आहे. तिने खाल्ली, पण घाईघाईने, कोणी येऊन काढून घेईल अशी. ते बघून मी ठरवलं की पुढच्या रविवारी उसना पुरुष न्यायचा नाही. काय करायचं ते मात्र ठरलं नव्हतं. ते तिथे गेल्यावर आपोआप झालं.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी गेले. धाकटी कडेवर, थोरली हाताशी. खोली उघडी होती, आबा आणि आणखी दोघे माप पुसत होते. कोठीवर झाकण होतं. मी थोरलीला उचलून झाकणावर बसवलं आणि मग स्वतः चढून बसले. देवीच्या कोठीवर, पाय सोडून, सासऱ्यांसमोर.

दोघांपैकी एकजण नुसता "ए, ए" करत राहिला. आबा म्हणाले, "ऊठ व बाई. देवीनी कोठी शे ती."

"देवीनी शे म्हनीसनच बठेल शे," मी म्हटलं.

पदर डोक्यावरच होता, तो मी ढळू दिला नाही. फक्त तोंड उघडलं. मी म्हटलं, माझ्या दोन पोरींची दोन मापं घातल्याशिवाय मी उठणार नाही आणि आज कोठी उघडणार नाही. आबा म्हणाले, रीत मोडता येत नाही. मी म्हटलं, रीत रोटाची आहे, ही भाकरी आहे. रोट भाऊबंदांनी खायचे, भाकरी भुकेल्याने खायची. आबा म्हणाले, देवी कोपेल. त्यावर मी जे बोलले ते गल्लीत पुढे कित्येक वर्षं लोक एकमेकांना सांगत होते.

"आबा, कानबाई बाई शे का बाप्या? तिले इचारी या, तिनं माप कितलं शे ते."

तोवर रांग लागली होती. रिकामी सुपं, गोण्या, डबे घेऊन सगळी भावकी दारात. काही बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, काही मला शिव्या देत होत्या, कारण त्यांचीही लेकरं घरी भुकेली होती आणि मी त्यांच्या ज्वारीवर बसले होते. ते मला दिसत होतं. दोन पुरुष पुढे आले, मला खाली ओढायला. तेवढ्यात धाकटी कुरकुरायला लागली, तेच तिचं बारीक रडणं. मी तिला पदराखाली घेतलं. दूध नव्हतंच, पण ती ओढायला लागली. दोघे जिथल्या तिथे थांबले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाजत्या बाईला हात लावायची हिंमत आमच्याकडे कोणाची नाही. हीसुद्धा रीतच, आणि त्या दिवशी ती माझ्या उपयोगी पडली.

मग जिजी आली, पाची मुलांची वरात घेऊन. आबांना हायसं वाटलं. ते तिला म्हणाले, तुझ्या जावेला समजाव. मला वाटलं आता ही मला बोलणार, तिची सहा मापं अडकली होती. जिजीने पोरांना घरी पिटाळलं. मग माझ्यापाशी आली, माझ्या शेजारी चढून बसली आणि थोरलीला मांडीवर घेतलं. झाकण करकरलं.

"मना पोरं आज पोट भरीसन निंघेल शेत," ती म्हणाली. "पहिले हिन्या पोरीसले द्या."

जिजीला मी तोवर ऐटबाज समजत होते. त्या दिवसापासून तिच्याविरुद्ध मी एक शब्द ऐकून घेतला नाही. तिच्यामागून आणखी बायका पुढे आल्या. झाकणावर जागा नव्हती, म्हणून त्या कोठीला टेकून खाली बसल्या. एकीला तीन पोरी आणि नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला. दुसरीचा नवरा नुकताच वारला होता आणि मुलगा झाला नव्हता. तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं की तिला मापच मिळत नाही. लाजेने गेल्या रविवारी ती रांगेत आलीच नव्हती, आज गलका ऐकून आली होती. मला तरी कुठे माहीत होतं?

मग आबांनी माप माझ्या पायापाशी ठेवलं. मन विरघळलं म्हणून नव्हे. चांगलेच चिडले होते.

"लेकरं मोजशी तर पंधरा दिनमा कोठीना तळ दिखी," ते म्हणाले. "मंग तूच मोज. लोकेसले तोंड पन तूच दे."

मी उतरले, झाकण उघडलं आणि मोजलं. आधी लेकरं, मुलगा असो की मुलगी. मग पाजत्या आणि पोटुशा बायका. मग म्हातारी माणसं. मग उरलेले. पहिलं माप मी थोरलीच्या नावाने माझ्या सुपात ओतलं आणि तिला मोठ्याने विचारलं, कोणाचं गं हे? ती घाबरून माझ्या पदराआड लपली.

आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्याच रविवारी कोठीत हात खोल घालावा लागला. तळ दिसला असता तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि धाकटी पुन्हा पाण्यावर आली असती. मग आम्ही बायकांनी आमचं डोकं चालवलं. ज्या घरात काम चालू होतं त्या घरच्या बाईने दळायला निघताना, घरात जेवढी लेकरं तेवढ्या मुठी ज्वारी वेगळी काढायची आणि कोठीत टाकायची. नवऱ्याला विचारायचं नाही. दळणातून मूठभर गेलं तर कोणत्या पुरुषाला कळतं? घंटीवर आम्ही दोघी-दोघी पाळीने एक डबा घेऊन उभ्या राहायला लागलो. दळायला आलेल्या कोणाहीकडे एक मूठ मागायची. लाज वाटली का? पहिल्या दिवशी वाटली. घंटीवर एक गुजराती म्हातारी यायची, जाड भिंगाचा चष्मा. तिने न विचारता ओंजळभर बाजरी टाकली आणि म्हणाली, "ले बेन, छोकरां हारु," म्हणजे लेकरांसाठी. दुसऱ्या दिवशी आपल्या शेजारणीला घेऊन आली. त्यानंतर मला लाज वाटली नाही.

सगळी धान्यं एकत्र व्हायची, ज्वारी, बाजरी, कधी मूठभर तांदूळ, कधी मूग. आम्ही ते तसंच भरडायचो. लेकरांच्या पेजेला त्यामुळे रोज वेगळी चव यायची. पुरुष कुरकुरले, त्यांच्या ताटात अर्धी भाकरी कमी आली. कुरकुरू दे म्हटलं. मोठा माणूस अर्धी भाकरी कमी खाऊन मरत नाही. दहा महिन्यांचं लेकरू मरतं.

कोठीचा तळ दिसला नाही. दोनदा दिसता दिसता राहिला. माझ्या अंगावर दूध परत आलं. एके दिवशी दुपारी धाकटी अशी टाहो फोडून रडली की समोरच्या खोलीतून जिजी धावत आली. काय झालं म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, तिला भूक लागली आहे. आणि मी हसत सुटले, आणि जिजीही हसत सुटली, आणि पोरगी आमच्याकडे बघून आणखीच जोरात रडली.

सूत यायला लागलं, खाती उघडली, नवरा परत आला. त्याला सगळं कळलं होतं. तो आबांसमोर चार दिवस खाली मान घालून वावरला. मग श्रावण आला.

कानबाईच्या आदल्या दिवशी रोटाचं धान्य मोजायला सगळी भावकी त्याच खोलीत जमली. आबा मध्ये बसले होते, पुढे धुतलेल्या धोतरावर गव्हाची रास. एकेक घर पुकारत होते आणि घरचा माणूस पुढे येऊन आपापल्या सव्वा मुठी राशीवर टाकत होता. आमचं घर आलं. आबांनी माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, किती? नवरा म्हणाला, एक. त्याने सव्वा मूठ टाकली आणि मागे सरला.

मी पुढे झाले. घरून पदरात गहू बांधूनच आणले होते. सव्वा मूठ थोरलीची टाकली. सव्वा मूठ धाकटीची टाकली. हात फिरवून ते राशीत मिसळले.

"हाई रोटमा चालत नही," आबा म्हणाले.

"मंग निवडी काढा, आबा," मी म्हटलं. "पोरीसना गहू कोनता शेत ते तुम्हीन निवडी काढा."

आबांनी राशीकडे बघितलं. मग त्यांनी पुढचं घर पुकारलं.

दुसऱ्या दिवशी रोट झाले. जेवायला पंगत बसली, पुरुषांची आणि लेकरांची. थोरलीच्या पानात मी रोट वाढला आणि मुद्दाम तिथेच उभी राहिले. शेजारच्या पानावर जिजीचा चौथा बसला होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. रोट मोडला आणि खायला लागली, कोणालाही न विचारता.